दाजींची दोन बेटं

कोण कुणाला मत देणार हे मत देणाऱ्याच्याही आधी ओळखणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीशी लग्न करून कडेगावाजवळच्या एका गावात राहत होता. आम्ही बहिणी त्यांना दाजी म्हणायचो. हळूहळू गावही म्हणायला लागलं, आणि शेवटी एसटीचे कंडक्टरसुद्धा. पलटणीतून सुभेदार होऊन परतलेला माणूस. ऊस होता, दोन विहिरी होत्या, तीन भावांचं एकत्र घर होतं. कुठल्याही निवडणुकीला उभं राहावं असं सगळं हाताशी होतं. पण दाजी कधी उभे राहिले नाहीत. कोण निवडून यावं याच्याशी त्यांना कर्तव्यच नव्हतं. लोक ढगांकडे बघून पावसाचं सांगतात तसे ते माणसांकडे बघून मतांचं सांगत. "मत पाण्यागत असतंय, मेव्हणीबाई," ते मला म्हणायचे. "पाण्याला इचारायचं नसतं कुठं जातंयस म्हणून. उतार बघायचा."

हा उतार ते कशात बघत याला धरबंध नव्हता. मी सांगलीत राहायची. दर शनिवारी ते पहिल्या एसटीनं सांगलीला येत, माझ्याकडे चहा घेत आणि वाचनालयात जाऊन चार दिवस शिळे इंग्रजी पेपर वाचत बसत. आमच्या शेजारी एक हळदीचे व्यापारी राहत. जैन गृहस्थ, बोलणं मोजकं, सगळे त्यांना अण्णा म्हणत. मत कुणाला दिलं हे त्यांनी स्वतःच्या बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. दाजींनी त्यांना तीन प्रश्न विचारले. "अण्णा, नळाचं पाणी पयलं तुमाला येतं का समोरच्यास्नी?" अण्णांनी सांगितलं, समोरच्यांना. "थोरल्या लेकीचं सासर कुठं?" ते सांगितलं. "आन् दुपारचं दुकानात पडता का घरी येता?" अण्णा म्हणाले, दुकानातच. दाजी उठले, अण्णांच्या कानाशी वाकले आणि एक नाव पुटपुटले. अण्णा अर्धा चहा तसाच टाकून घरी निघून गेले. त्यानंतर दर शनिवारी दाजींचा आवाज जिन्यात आला की अण्णांच्या दाराची कडी आतून लागायची.

साखर कारखान्याची निवडणूक असली की मतदानाच्या शाळेसमोर चिंचेखाली घोंगडं टाकून दाजी सकाळीच बसत. आमच्याकडची माणसं शाळेत शिरताना चपला बाहेर काढतात. मत देऊन बाहेर आल्यावर माणूस चप्पल कशी घालतो, एवढंच ते बघायचे. "कबूल केल्याला मत दिलं की माणूस निवांत चप्पल घालतो. पट्टा बिट्टा बघतो. ज्यानं फिरवलं, त्यो चप्पल हातात घिऊन वाटंला लागतो आन् कोपऱ्यावर जाऊन घालतो." मला वाटायचं, काहीतरीच. मी पडले व्यवस्थित कामाची बाई. कशाला कशाचा आधार असल्याशिवाय मी भाजीसुद्धा घेत नाही. पण एकदा मी त्यांच्याबरोबर दिवसभर त्या चिंचेखाली बसले. संध्याकाळी त्यांनी सांगितलं तेच दुसऱ्या दिवशी पेटीतून बाहेर आलं. तेव्हापासून दाजींपुढे मी काहीतरीच हा शब्द वापरणं सोडलं.

इथवरचे दाजी कुणालाही पटतील. पण एकोणीसशे पंच्याहत्तर साली इंग्लंडात सार्वमत निघालं आणि दाजी आमच्या सगळ्यांच्या हाताबाहेर गेले.

प्रश्न असा होता की युरोपातल्या कॉमन मार्केटमध्ये इंग्लंडनं राहायचं की बाहेर पडायचं. सातारा-सांगलीकडे या प्रश्नानं कुणाची झोप उडायचं कारण नव्हतं. दाजींची उडाली. ते ट्रान्झिस्टर घेऊन पारावर बसू लागले आणि लंडनहून येणाऱ्या हिंदी बातम्या गावाला मराठीत समजावून देऊ लागले. "नऊ गावांचा संघ हाय असं समजा. इंग्लंड उशिरा शिरलं. आता दोन वर्सांत म्हणतंय, मला परवडंना. पयलं लोणी न्यूझीलंडचं खात हुतं, साकर आपल्या जुन्या बेटांवरची खात हुतं. आता संघ म्हणतोय, आमचंच घ्या." साखर म्हटल्यावर पारावरचे चारजण सावरून बसले. एक म्हातारबुवा तेवढ्यात जागे झाले होते, त्यांनी विचारलं, "काय रं सुबेदार, इंग्रज जाणार म्हणं?" दुसरा म्हणाला, "आवं आबा, त्यो कवाच गेला की! तुमी कुठं हुता?" आबा म्हणाले, "मग आता आनि कुठनं चाललाय?" दाजी हसले नाहीत. "आबा, बराबर इचारलं. त्यो जाणार का ऱ्हाणार, हेच तर त्येला बी म्हाईत न्हाई."

अंदाज बांधायला त्यांच्यापाशी भांडवल होतं तीन माणसांचं. महायुद्धात इटलीत असताना तीन गोरे त्यांच्या ओळखीचे झाले होते: वेल्सचा एक आचारी, स्कॉटलंडचा एक सार्जंट, आणि परतीच्या जहाजावर भेटलेला शेटलंड बेटावरचा एक खलाशी. या तिघांवरून दाजींनी अख्ख्या देशाचं मत काढलं. आचारी चेंगट होता, चहात साखर घालताना हात आखडायचा, तेव्हा वेल्स बाहेर पडणार. सार्जंटचं इंग्रज कॅप्टनशी एक दिवस पटलं नाही, तेव्हा स्कॉटलंड तर बाहेर पडणारच पडणार. आणि खलाशी? खलाशानं डेकवर उभं राहून त्यांना सांगितलं होतं की त्याच्या बेटावरून लंडन इतकं लांब की तिथला हुकूम येईतो मासे निघून गेलेले असतात. हे वाक्य दाजींनी तीस वर्षं जपून ठेवलं होतं. त्यावर त्यांनी आपला सिद्धांत उभा केला: जो चुलीपासून लांब, तो आधी निघणार. "चुलीजवळ बसल्याल्याला ऊब मिळती. लांबच्याला नुसता धूर. कुठलं बी घर घ्या, गाव घ्या, देश घ्या. लांबचा निघतो."

गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी चुन्यानं इंग्लंडचा नकाशा काढला. राहणाऱ्यांना चुना, निघणाऱ्यांना गेरू. मी गेले तेव्हा वेल्स आणि स्कॉटलंड गेरूनं लाल झाले होते, आणि वर अगदी छपराशी शेटलंड नावाचे लाल ठिपके होते. डावीकडे पश्चिमेची बेटं होती, तीही लाल. खाली म्हैस बांधलेली. तिला अंग घासायची सवय, त्यामुळे वेल्स दर दोन दिवसांनी पुसलं जायचं आणि दाजी ते पुन्हा रंगवायचे. माझी बहीण, आमची आक्का, शेणाची पाटी घेऊन उभी होती. "आवं, म्हशीचं ऐका की," ती म्हणाली. "ती सांगतीया वेल्स न्हाई निघायचा म्हणून." दाजींनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ते वरच्या ठिपक्यांकडे बघत होते.

लोकांना वाटायचं दाजींना नाद लागलाय. पण त्या भिंतीपुढे मी त्यांचा चेहरा बघितला आहे. देवळात गाभाऱ्याचं दार उघडताना माणसं बघतात तसे ते बघत होते. "मेव्हणीबाई, आमाला त्येंनी राज्यात घेताना इचारलं न्हाई. पलटणीत तर इचारायचा प्रश्नच न्हवता. इटलीला नेलं तवा इटली कुठं हाय ते बी सांगितलं न्हाई. आन् आता बघा. मोची, मास्तर, म्हातारी, सगळ्यास्नी एकच प्रश्न. ऱ्हायचं का निघायचं? मंत्री एकमेकांच्या इरुद्ध बोलत फिरत्यात, एकाच सरकारातले! आन् सरकारनं आधीच कबूल केलंय, तुमी म्हणाल तसं. उत्तर यायच्या आधी कबूल केलंय." शेवटी ते म्हणाले, "एवढी छाती मी लढाईत बी बघितली न्हाई."

जूनमध्ये निकाल आला. मी रजा टाकून गेले होते, कारण आक्काचा निरोप होता की दाजी जेवत नाहीत. सकाळी ट्रान्झिस्टरभोवती आम्ही सगळे बसलो. इंग्लंड राहिलं. वेल्स राहिलं. स्कॉटलंडसुद्धा राहिलं. "दगा दिला सार्जंटनं," दाजी पुटपुटले आणि चुन्याची वाटी घेऊन उठले. पण बातम्या देणाऱ्यानं शेवटी सांगितलं की सगळीकडे 'राहायचं' असं आलं, फक्त उत्तरेकडची दोन ठिकाणं सोडून: शेटलंड आणि पश्चिमेची बेटं. दाजींच्या हातातली वाटी तशीच राहिली. इतका मोठा देश, आणि त्याच्या पार टोकाच्या दोन बेटांच्या मनातलं आमच्या गोठ्याच्या भिंतीवर आधीच लिहिलेलं होतं. दाजी भिंतीपाशी गेले, सगळा नकाशा पांढरा केला, आणि ते ठिपके तेवढे लाल ठेवले. गावात त्या दिवशी पेढे वाटायचे का यावर गंभीर चर्चा झाली.

आता घरातलं सांगते, कारण दाजींची खरी परीक्षा तिथं झाली.

घर तीन भावांचं. दाजी थोरले. मधले भाऊ शेती बघायचे. धाकटे सांगलीला कचेरीत कारकून होते, खोली घेऊन राहायचे, खानावळीत जेवायचे आणि शनिवारी गावी यायचे. त्यांच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि बायको गावी एकत्र घरात. त्यांना तिला सांगलीला न्यायचं होतं, आणि आमच्याकडे बायको नेणं म्हणजे चूल वेगळी करणं, आणि चूल वेगळी म्हणजे वाटण्या. दाजींना हे सोसणारं नव्हतं. पलटणीत असताना गावाकडच्या प्रत्येक पत्राला उत्तर लिहिताना ते एकच विचारत, घर एक आहे ना? परत आले तेव्हा एक होतं. ते एक ठेवायचं, एवढंच त्यांनी स्वतःकडे काम घेतलं होतं. पेन्शन, ऊस, सगळं त्याच चुलीत जायचं. दोन वर्षं धाकटे घुसमटत होते आणि दाजी विषय निघाला की ट्रान्झिस्टरचा आवाज वाढवत होते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी धीर केला. "दादा, तुमी लांबच्या लोकांचं लय बघता. मी बी लांबच हाय की. मला कवा इचारणार?"

दाजींची आई, जिला आम्ही आत्ती म्हणायचो, म्हणाली, "वाद नको रं लेकांनो. औंधाला जाऊ, यमाईला कौल लावू. ती सांगंल तसं." घरातला मोठा प्रश्न असाच सुटत आला होता. मूर्तीला फुलं लावायची; उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मधले लगेच तयार झाले. पण दाजी म्हणाले, "न्हाई. देवीला कशाला तरास? तिला कुठं आपल्या चुलीवर जेवायचंय? जे जेवत्यात, त्येंना इचारायचं." आणि मग, स्वतःच्याच बोलण्यानं थक्क झाल्यासारखे, "सार्वमत घ्यायचं. घरातल्या समद्या मोठ्या माणसांचं. निकाल लागंल तसं मी करणार. आधीच कबूल करतो."

"बायकांचं बी?" मधल्यांनी विचारलं.

"इंग्लंडात राणी सोडून समद्या बायकांनी दिलं."

"राणीला चूल न्हाई, म्हणून सोडली आसंल," आतून आक्काचा आवाज आला.

मतदानाची व्यवस्था माझ्याकडे आली, आणि ती मी चोख लावली. आत्तीला लिहिता येत नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या बाद. जोंधळा म्हणजे राहायचं, हुलगा म्हणजे निघायचं. देवघराच्या दाराला घोंगडं लावून आत तांब्याची कळशी ठेवली, अरुंद तोंडाची. प्रत्येकाच्या हातावर मी जोंधळ्याचा एक आणि हुलग्याचा एक दाणा ठेवणार. आत जाऊन एक कळशीत टाकायचा, दुसरा मागच्या झरोक्यातून कोंबड्यांना. मतं सात. तिघे भाऊ, तिघी जावा आणि आत्ती. दाजींनी मला बाजूला घेऊन अंदाज सांगितला. त्यांना घाई नव्हती, आवाज शांत होता. "दोन हुलगे. धाकटा आन् त्येची बायको. बाकी जोंधळा. मेव्हणीबाई, लांबचा निघतो. चुलीजवळचा ऱ्हातो. घर वाचलं."

एकेकजण आत गेला. कळशीत दाणा पडल्याचा 'टक्' असा आवाज ओसरीवर ऐकू येत होता. दाजी गेले, टक्. मधले गेले, टक्. धाकटे गेले, टक्. मग तिघी जावा पदर सावरत एकामागून एक. आक्का आत जरा जास्त वेळ होती, मला वाटलं देवाला नमस्कार करत असेल. टक्. शेवटी आत्ती उठली. मी तिच्या हातावर दोन दाणे ठेवले. तिनं ते बघितले आणि माझ्याकडे बघितलं. "एवढंच? देवापुढच्या भांड्यात एक दाणा टाकू? भिकाऱ्याचं घर हाय का हे?" आणि मी काही म्हणायच्या आत दोन्ही दाणे माझ्या हातावर परत ठेवून ती कणगीकडे वळली, ओंजळ भरून जोंधळा घेतला आणि घोंगड्याआड गेली. या बाईनं आयुष्यात सुपात, परातीत, पदरात, कशात एक दाणा म्हणून टाकला नव्हता. द्यायचं ते मूठभर, ओंजळभर. ओसरीवर आवाज आला: सळ्ळ्ळ.

मी कपाळाला हात लावला. धाकटे हसले, पण रडल्यासारखे. कळशी परातीत उपडी केली. सगळा जोंधळाच जोंधळा. हुलगे त्यात कुठं गेले ते दिसेनासुद्धा. "ठरलं!" मधले मांडीवर थाप मारून म्हणाले. "यवढा जोंधळा! ऱ्हायचं!" आत्ती खूश. धाकट्यांनी मान खाली घातली. "आईनं टाकलं म्हंजे झालं," ते हळूच म्हणाले, आणि त्यांची बायको आत निघून गेली. कुणी तक्रार करणार नव्हतं. मीसुद्धा नाही, आईच्या ओंजळीपुढे कुठला नियम काढायचा? दाजींनी नुसतं गप्प राहायचं होतं. घर वाचत होतं.

दाजी परातीपुढे बसले. बोटानं जोंधळा बाजूला सारू लागले. एक हुलगा काढला आणि परातीच्या काठावर ठेवला. दुसरा काढला. मला वाटलं, आता उठतील, अंदाज खरा ठरला. पण त्यांचं बोट फिरत राहिलं. तिसरा निघाला. मग पुष्कळ वेळानं, अगदी तळातून, चौथा.

"सातांत चार," दाजी म्हणाले.

"आरं, पर माझा जोंधळा!" आत्ती म्हणाली.

"आई, तुजा हात मोठा हाय. मत एकच." ते धाकट्यांकडे वळले. "निघायचं ठरलं, गड्या."

मधले चिडले. "दादा, कोण चौथं? आन् तिसरं कोण? घरातलं कोण फिरलं ते कळाय नको?"

"गुप्त मतदान हाय. इचारायचं न्हाई." पण दाजींना विचारायची गरजच नव्हती, सगळ्या जगाचं कळणारा माणूस तो. त्यांनी स्वतःचा जोंधळा धरला, आत्तीचा धरला, मधल्यांचा धरला. उरले चार. धाकटे, आणि तिघी जावा. त्यांनी मान वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथं आक्का उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून. ती हलली नाही. दाजी तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. गोठ्यातल्या भिंतीकडे ते ज्या नजरेनं बघायचे, तीच नजर. मग परातीकडे बघत हळूच माझ्याजवळ म्हणाले, "लांबचाच बघत बसलो, मेव्हणीबाई. चुलीम्होरं कोण बसलंय, त्ये बघितलंच न्हाई."

मी नंतर आक्काला एकटीला गाठलं. ती भांडी घासत होती. "का गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "मला कुठं निघायचंय? मी हितंच ऱ्हाणार की, ह्यांच्यासंगं." मग राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "पयली पंगत गड्यांची, दुसरी पोरांची. मग आत्ती. मग आमी तिघी, उरल्यालं. लगीन झाल्यापास्नं मी ह्यांना जेवताना बघितलं न्हाई गं. वाडायचं आन् आत जायचं. कुणी इचारलंच न्हवतं. इचारलं, मग टाकला हुलगा."

बोलल्याप्रमाणे दाजींनी केलं. आमच्याकडे नव्या चुलीला जुन्या चुलीतला विस्तव नेतात. मधल्यांची चूल त्याच घरात, तिथं तो खापरावर गेला. पण धाकट्यांची चूल सांगलीला. दाजींनी गोवरीचा निखारा राखेत पुरून मडक्यात ठेवला, वर झाकण लावलं आणि धाकटी जोडी व मडकं घेऊन ते स्वतः पहिल्या एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "दाजी, मडक्यात काय?"

"ह्येचा संसार."

"धूर निघतोय संसारातनं!"

"चुलीपास्नं लांब चाललाय," दाजी म्हणाले. "निघणारच."

विस्तव जिवंत पोचला. आमच्याच माडीवर घेतलेल्या धाकट्यांच्या नव्या खोलीत चूल पेटली, मी चहा केला, आणि अण्णांनी कडी उघडून हळदीची पुडी शकुनाची म्हणून दिली. मात्र दाजींच्या नजरेला नजर दिली नाही. दाजी त्या दिवशी कुणाचंच मत ओळखायच्या मनःस्थितीत नव्हते. त्याच महिन्याच्या अखेरीला आणीबाणी आली आणि आपल्या रेडिओवर वेगळंच काही ऐकू यायला लागलं. विचारण्याबिचारण्याचे दिवस नव्हते ते. दाजींनी ट्रान्झिस्टर चामड्याच्या पिशवीत घातला आणि खुंटीला लावला.

पुढे मी गेले तेव्हा घर ओळखू येत नव्हतं. ओसरीवर मोठी पंगत नाही, हाका नाहीत, दोन कोपऱ्यांतून दोन धूर. आत्ती पाळीपाळीनं जेवायची आणि प्रत्येक चुलीवर दुसऱ्या चुलीचं कौतुक करायची. मला वाटलं दाजी खचले असतील. ते चुलीपाशी पाटावर बसले होते, अगदी जाळाजवळ, आणि आक्का तव्यावरची भाकरी थेट त्यांच्या ताटात टाकत होती. त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी हळू, जणू काही चमत्कार बघायला बोलावतायत. "मेव्हणीबाई, हिची भाकरी फुगती. हे बघा. मला म्हाईतच न्हवतं. वसरीवर ताटात यायची तवर बसल्याली असायची." भाकरी टम्म फुगली होती. दाजी ती निवेपर्यंत नुसते बघत राहिले आणि आक्का म्हणाली, "आवं, खावा आता. निकाल लागला तिचा."

तेव्हा मला चुलीवरच्या भिंतीत, धुरकटलेल्या मातीवर, गेरूचा एक ठिपका दिसला. बोटानं काढलेला, लाल, ताजा. मी विचारलं, "दाजी, हे काय?"

ते आक्काकडे बघून जरा ओशाळले. "बेट," म्हणाले. "नकाशात काढायचं ऱ्हायलं हुतं."

दाजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गोठा पडला, इंग्लंड त्याच्याबरोबर गेलं. आक्काकडे गॅस आला, चूल निघाली. दिवाळीआधी ती सगळं घर सारवते, रंगवते, आणि मी मदतीला जाते. ती सगळी भिंत पांढरी करते; फक्त एका जागी कुंचला थांबवते, चुना लागणार नाही असा फिरवून घेते, आणि मग दुसऱ्या बाजूनं पुढे जाते. गेरू उडत चालला की दाराआडच्या वाटीत बोट बुडवून तो ठिपका पुन्हा नीट लाल करते.